शेवटच्या दोन बाकांवरची अमेरिका

वणीच्या पोरांना अमेरिकेची पहिली संसद शिकवायची तर सुरुवात एसटीपासून करावी लागते. हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं.

"घटना तयार झाली, निवडणुका झाल्या, सभागृह सजलं," मी सांगायचो. "ठरलेल्या दिवशी न्यूयॉर्कात बैठक भरली. आणि सभासदच आले नाहीत."

एवढं म्हटलं की वर्गाला जाग यायची. "काहून नाई आले, सर?"

"थंडी, खराब रस्ते, चिखलात रुतलेल्या घोडागाड्या. गणपूर्ती व्हायलाच कित्येक आठवडे गेले. जे आले होते ते रोज यायचे, एकमेकांची तोंडं पाहायचे आणि घरी जायचे."

"म्हणजे राजूरच्या एसटीवानीच!" मागून कोणीतरी ओरडायचं. वर्ग हसायचा, आणि तास संपेपर्यंत अमेरिका आमची व्हायची.

तालुक्याच्या एका महाविद्यालयात मी निवृत्तीपर्यंत राज्यशास्त्र शिकवलं. आमचा धंदा काय असतो ते बाहेरच्यांना सांगतो. कला शाखेत येणारी निम्मी पोरं राज्यशास्त्र घेतात, कारण त्यात गणित नसतं. अभ्यासक्रमात अमेरिकेचं कायदेमंडळ हे एक प्रकरण असतं. परीक्षेला त्यावर हमखास एक प्रश्न येतो. मास्तरने त्या प्रश्नाच्या नोट्स उतरवून द्याव्यात, पोरांनी त्या पाठ कराव्यात, असा अलिखित करार. त्यापलीकडे काही करायचं असेल तर घशाची तयारी हवी. आमचा वर्ग लांबट होता, रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे आणि माइक नव्हता. माझा आवाज ट्रकच्या वरून शेवटच्या बाकापर्यंत जायचा. याचा मला अभिमान होता. सहकारी म्हणायचे, "तुमची अमेरिका तर आमच्याही वर्गात ऐकू येते."

"सर, आमच्या गावची ग्रामसभा तं न भरताच सह्याइवर होते," एकाने मला विचारलं होतं, "मंग हे अमेरिकेचं कायले?" मी म्हणालो, "सह्यांवर होऊ नये, यासाठीच." उत्तर मला फार आवडलं होतं. कित्येक वर्षं मी ते वापरलं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी वर्गातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. आत्तापर्यंतच्या गमती झाल्या. पुढची गोष्टही मी आणि माझे विद्यार्थी कितीतरी वर्षं गंमत म्हणूनच सांगत आलो. ती तशी घडली नव्हती. लोकांची नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

मी स्वतः गाईड वाचून पास झालेला माणूस. अमेरिकेची घटना करताना मोठी राज्यं आणि छोटी राज्यं यांच्यात भांडण झालं; लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी असलेलं एक सभागृह आणि प्रत्येक राज्याला सारख्या जागा असलेलं दुसरं, अशी तोड निघाली; एवढं मला पाठ होतं. गाईडमध्ये त्यापुढे एक वाक्य होतं: "लोकसंख्येच्या गणनेबाबतही तडजोड झाली." ते मी तसंच उतरवून द्यायचो. कसली तडजोड, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

नोकरीला बरीच वर्षं झाल्यावर ग्रंथालयात एक जाड पुस्तक आलं. त्यात ते वाक्य उलगडून दिलं होतं. दक्षिणेतल्या राज्यांत लाखो गुलाम होते. त्यांना मत नव्हतं, जमीन नव्हती, स्वतःच्या लेकरावर हक्क नव्हता. पण जागा वाटायची वेळ आली तेव्हा मालक म्हणाले, आमची ही माणसंही मोजा, म्हणजे आमच्या जागा वाढतील. उत्तरेतले म्हणाले, एरवी तुम्ही त्यांना मालमत्ता म्हणता, मग आता माणसं कशी झाली? घासाघीस होऊन ठरलं की पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. त्यांच्या नावाने वाढलेल्या जागांवर मालक बसणार. आणि एवढं करून त्या कागदावर गुलाम हा शब्दसुद्धा घातला नाही. "इतर सर्व व्यक्ती" असं लिहिलं.

मी ते पान तिथेच तीन-चार वेळा वाचलं. माझ्या हातून किती पोरं हे वाक्य पाठ करून गेली होती! मला इतका धक्का बसला की वाटलं, हा पोरांनाही बसला पाहिजे. त्यातून आमची अभिरूप काँग्रेस निघाली; काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद.

अभिरूप संसद आपल्या शाळा-कॉलेजांत होतेच. कोणी सभापती होतं, कोणी विरोधी पक्ष. मी ठरवलं, आपण ही काँग्रेस जिथे जन्मली ती फिलाडेल्फियाची घटनासभा भरवू. तिथे ऐन उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून चर्चा झाल्या होत्या, आतलं बाहेर जाऊ नये म्हणून. मीही खिडक्या लावायला सांगितल्या. उन्हं तापायला लागली होती.

"सर, फिलाडेल्फियात पंखा होता का?" पहिल्या बाकावरच्या विलासने विचारलं. विलास म्हणजे कापूस-सोयाबीनच्या मोठ्या घरातला मुलगा, हजरजबाबी, माझा आवडता.

"नव्हता."

"मंग लवकर आटपा सर, नाई तं अमेरिका होयाच्या आधी आम्हीच जातो."

वर्ग हसला. मीही हसलो. मग मी भूमिका वाटायला घेतल्या. कशा वाटल्या, ते नीट सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. मी बाकं पाहून वाटल्या. पुढची बाकं व्हर्जिनिया आणि दक्षिणेकडची राज्यं. मधली बाकं उत्तरेकडची आणि छोटी राज्यं. हात पुढून मागे नेत गेलो आणि राज्यं संपली. शेवटची दोन बाकं उरली. त्यांवर पाच जण होते. पाच! मला कोण आनंद झाला. हिशेब आपोआप जुळला होता.

"तुम्ही व्हर्जिनियाचे गुलाम," मी म्हणालो. "पाच आहात, तीन धरायचं. बोलायचं नाही, मत द्यायचं नाही."

"सर, दोघाइले घरी पाठवू का मंग?" विलास म्हणाला. वर्ग पुन्हा हसला.

मागच्या बाकावरून प्रज्ञा उभी राहिली. राजूरची मुलगी, तिचे वडील देवरावजी कोळसा खाणीत कामाला होते. आदल्या दिवशी तिने मला व्हरांड्यात गाठून विचारलं होतं, "सर, दोन सभागृहाची तोड मी मांडू का? मी तयारी केली." मी चालता चालता "बघू" म्हणालो होतो. आता ती हातात कागद घेऊन उभी होती.

"सर, आम्हाले कोणतं राज्य?"

"तुम्हाला राज्य नाही. तुम्ही फक्त मोजले जाणार."

"आम्ही रोजच्या जागेवर बसलो म्हणून?"

"इतिहास तसाच आहे. खाली बस."

ती बसली नाही. म्हणाली, "मोजता तं बोलू द्या, सर. बोलू नाई देत तं मोजू नका."

तोच मुद्दा व्हर्जिनियाच्या बाकावरून आला असता तर मी टाळी वाजवली असती. मी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या शेजारी बसलेल्यांकडे, आणि तिथे कोण बसतं ते लक्षात आलं. राजूरची गाडी पहिला तास सुरू झाल्यावर पोचायची. ती पोरं मागच्या दाराने आवाज न करता यायची आणि शेवटच्या बाकांवर बसायची. पुढे पुढे बाकं ठरूनच गेली. चौघं राजूरच्या बौद्ध वस्तीतले, आणि एक कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, पोडावरून येणारा, जो वर्षभरात माझ्याशी एकदाही बोलला नव्हता. त्या पाचांना मी गुलाम केलं होतं, आणि माझ्या हाताला अडखळायलाही झालं नव्हतं. आमचं घर कळंबकडचं, शेतीवाडीचं. जात हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला जात नसे. मी ते आमचं मोठेपण समजत होतो. आम्हाला तो उच्चारायची गरजच पडत नव्हती, इतकंच.

मला तिथे थांबता आलं असतं. चुकलं, उठा, जागा बदला, एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "चला, चर्चा सुरू करा." विलास छान बोलला. पाचांचे तीन धरून मतदान झालं. घंटा होईपर्यंत प्रज्ञा उभी होती.

दुसऱ्या दिवशी देवरावजी कॉलेजात आले. पाळी संपवून थेट आले असावेत, पापण्यांत कोळसा होता. प्राचार्यांच्या खोलीत ते बसले नाहीत. प्रज्ञा त्यांच्या मागे उभी.

"सर, पोरगी म्हणते, मास्तरनं तिले गुलाम केलं. साऱ्या वर्गासमोर. आमच्या घरी घटना लिहिणाऱ्याचा फोटो हाय भिंतीवर. तिनं काल त्याच्याखाली बसून भाकर नाई खाल्ली."

प्राचार्य घाबरले. माझ्याकडे वळून म्हणाले, "भूमिका कशा ठरवल्या होत्या तुम्ही?"

"चिठ्ठ्या टाकल्या होत्या," मी म्हणालो.

आजही मला कळत नाही ते वाक्य आलं कुठून. मी ते ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते तयार होतं. मीच दचकलो. प्राचार्यांनी मात्र सुस्कारा सोडला. "मग प्रश्नच मिटला. चिठ्ठीत ज्याचं जे निघालं ते."

"चिठ्ठ्या नव्हत्या, सर," प्रज्ञा म्हणाली.

प्राचार्यांनी विलासला बोलावून घेतलं. विलासने आधी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं असेल ते असेल. तो म्हणाला, "हो सर. चिठ्ठ्याच टाकल्या होत्या."

देवरावजी मुलीकडे वळले. "मास्तर खोटं कायले बोलतीन? वाईट वाटलं असन तुले, म्हणून काही बी सांगशीन? माफी माग."

"बाबा..."

"माग म्हणतो न."

तिने हात जोडले. "चुकलं, सर." मी म्हणालो, "असू दे, असू दे." मी असू दे म्हणालो! माफी स्वीकारली आणि वर मोठेपणा घेतला.

पुढच्या वर्षी तिने चंद्रपूरच्या कॉलेजात नाव घातलं. मी अभिरूप काँग्रेस बंद केली आणि तो विषय शिकवणंही बंद केलं. परत गाईडचं वाक्य: "लोकसंख्येच्या गणनेबाबतही तडजोड झाली." एका पोराने उत्तरपत्रिकेत पुढे स्वतःची भर घातली होती, "व सर्वजण आनंदी झाले." मी त्याला पूर्ण गुण दिले. सत्य माहीत असताना, निवृत्तीपर्यंत, मी गुलाम वगळून अमेरिका शिकवली.

हे सगळं माझ्यासोबत गेलं असतं. पण गेल्या वर्षी वणीच्या एका मंगल कार्यालयात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. विलास आता कापसाच्या जिनिंग मिलचा मालक आहे. खर्चही त्यानेच उचलला होता. त्याने माइक हातात घेतला.

"सरांची अमेरिकन काँग्रेस आठवते का?" टाळ्या पडल्या. "सरांनी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पहिली मी उचलली. पिवळा कागद. उघडून पाहतो तर व्हर्जिनिया! आजही डोळ्यांपुढे दिसून राह्यला तो कागद, खरं सांगतो."

लोक हसत होते. मी खुर्चीत बसून होतो. जेवणाच्या वेळी त्याला बाजूला घेतलं. "विलास, आता इथे कोणी नाही. खरं सांग. चिठ्ठ्या होत्या का?"

"म्हणजे काय सर! पितळेचा डबा होता. तुमचाच, जेवणाचा. तुम्हीच विसरले?"

मी त्याचे डोळे पाहत राहिलो. पोरांचं खोटं ओळखण्यात माझा जन्म गेला. हा माणूस खोटं बोलत नव्हता. माझ्यासाठी एकदा खोटं बोलला होता, आणि नंतर ते त्याला आठवायला लागलं होतं. रंगासकट, डब्यासकट! माझ्याकडे पितळेचा डबा कधीच नव्हता. पण घरी जाताना रिक्षात डोळे मिटले तर मलाही पिवळा कागद दिसला. मी इतका घाबरलो की रिक्षा थांबवून खाली उतरलो. वाटलं, आणखी थोडी वर्षं गेली तर चिठ्ठ्या नव्हत्या हे माहीत असलेला एकही माणूस उरणार नाही.

असा एक तरी माणूस अजून आहे, असं मी धरून चाललो होतो. प्रज्ञा राजूरला पोस्टात काम करते, वडिलांजवळ राहते, एवढं शोधून काढलं आणि एका रविवारी सकाळी गेलो. तिने लगेच ओळखलं. "या सर," म्हणाली, आत बसवलं, पाणी दिलं. भिंतीवर तो फोटो होता.

"प्रज्ञा," मी म्हणालो, "चिठ्ठ्या नव्हत्या."

ती समोरच्या खुर्चीवर बसली. माझी कल्पना होती की ती रागावेल, नाहीतर म्हणेल, मला माहीतच आहे. ती पुढे वाकून म्हणाली, "पक्कं, सर?"

"म्हणजे?"

"पहिले मले पक्कं माहीत होतं. मंग सारेच म्हणे होत्या. जी भेटे ती मैत्रीण म्हणे. बाबा म्हणे. मी डोळे मिटून पाहो, डबा दिसते का, कागद दिसते का. मधात मधात तं दिसे बी. मले वाटे, मीच खोटारडी असन." तिने पदराने तोंड पुसलं. "मी उभी तं राह्यली होती न, सर? तेवढं तं खरं हाय?"

"घंटा होईपर्यंत उभी होतीस."

मी काय हिरावून घेतलं होतं ते मला तिथे कळलं. मी समजत होतो, तिचा एक तास, फार तर एक कॉलेज. तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवता येईनासा झाला होता. मी माफी मागायला लागलो. तिने हात वर करून थांबवलं.

"मले सांगून काय होते? बाबाले सांगा. माफी त्याइनं मागाले लावली होती. आता बी कधी भांडण झालं तं बाबा म्हणते, तू तं मास्तरवर बी खोटा आळ घेतला होता."

देवरावजी मागच्या अंगणात खाटेवर बसले होते. शेजारच्या अंगणात दोन बाया तूर पाखडत होत्या, मध्ये कमरेएवढी भिंत. मी अंगणाचं फाटक ओढून घेतलं, खाटेच्या कडेला बसलो आणि हलक्या आवाजात म्हणालो, "देवरावजी, मी त्या दिवशी खोटं बोललो होतो."

"काय म्हणता जी? जोरानं सांगा. मशिनीनं कान नेले माहे."

"खोटं बोललो होतो!"

"कोण? प्रज्ञी?"

"मी! मी!"

सुपांचा आवाज थांबला. बाया भिंतीशी आल्या. फाटकाबाहेर सायकल थांबली. देवरावजींनी कानामागे हात धरला होता. मी उभा राहिलो, आणि ट्रकच्या वरून शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज काढला.

"चिठ्ठ्या टाकल्याच नव्हत्या! तुमची मुलगी खरं बोलत होती! मी खोटं बोललो होतो!"

त्यांचा हात खाली आला. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग दारात उभ्या असलेल्या प्रज्ञाकडे. ते म्हणाले, "अन् म्या तिले हात जोडाले लावले." मग तिला म्हणाले, "तू मले सांगत होती. म्या आयकलं नाई."

"तवा तं तुमचे कान चांगले होते, बाबा," प्रज्ञा म्हणाली. नेहमीच्या आवाजात म्हणाली. त्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही.

"काय म्हणून राह्यली ती, मास्तर?"

"चहा घ्या म्हणते," मी म्हणालो.

पुन्हा तसंच. तोंड उघडलं आणि वाक्य तयार होतं. प्राचार्यांच्या खोलीत दचकलो होतो तसाच दचकलो. प्रज्ञा माझ्याकडे पाहत होती. भिंतीपलीकडच्या बायाही पाहत होत्या.

मी खाली वाकलो आणि त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणालो, "ती म्हणते, तेव्हा तुमचे कान चांगले होते!"

देवरावजींनी मान हलवली.

"हाव," ते म्हणाले. "चांगले होते."